पान एकोणतीस

चोपड्यात, तहसील कचेरीसमोर, माझं झेरॉक्सचं दुकान.
दिवसभर काचेवर पालथे पडतात
सातबारे, जातीचे दाखले, रेशनकार्डं,
आधारवरचे स्वतःलाच न ओळखणारे चेहरे.
साडेसातला शटर अर्धं ओढतो,
पंखा बंद करतो, पातळ कागद उडतो म्हणून,
आणि पुस्तकं बाहेर काढतो.

युसूफ मन्यार रद्दीतून वेगळी ठेवतो माझ्यासाठी.
भाव किलोचाच.
"कव्हर नही," म्हणतो, "पन मझार चित्रं शेतस."
बंद झालेल्या वाचनालयांचे शिक्के असतात त्यांवर,
आत कुणाचं तरी वाळलेलं पिंपळपान, बसचं तिकीट.
एकदा शेतकी खात्याची पुस्तिका निघाली:
बोंडअळीची सात चित्रं.
कुणी इतक्या मायेनं काढली होती ती अळी
की कपाशी सोडून तिचीच काळजी वाटावी.

पान काचेवर ठेवायचं तर कणा मोडता कामा नये.
उरलेल्या अर्ध्या पुस्तकाला रिमच्या गठ्ठ्यांचा टेकू.
पानामागे काळा कागद,
नाहीतर पलीकडचा धडा
राजकन्येच्या गालावर उलटा उमटतो.
दिवा सरकतो. फार हळू.
मे महिन्यात सरस सैल होतो,
जुनाट, कडवट वास सुटतो, आणि मी तो घेत बसतो.

किंमत छापलेली असते. आवृत्ती असते.
प्रकाशकाच्या दिवंगत मातोश्री असतात.
चित्रकार नसतो.
खाली कोपऱ्यात, गवताच्या पात्यांत लपवलेला
एक 'ग' सापडतो फक्त.
मी फाईलला नाव देतो: ग, सतरा, पाणी भरणाऱ्या बायका.

मग पाठवतो. रोज रात्री एक.
एकशे बेचाळीस माणसं आहेत.
नंदुरबारचा एक पाट्या रंगवणारा,
भुसावळचा मालगाडीचा गार्ड,
आणि एक गृहस्थ, जे माझंच चित्र सकाळी
गुलाब चिकटवून, सुप्रभात लिहून
मलाच परत पाठवतात.

परवाच्या पुस्तकात, पान एकोणतीस:
तळं, चार रेघांचं पाणी, एका पायावर बगळा.
आणि तो कुणीतरी रंगवलेला. निळ्या पेन्सिलीनं,
रेघेबाहेर जात, बहुतेक जीभ बाहेर काढून,
चोच तेवढी सोडून.

संगणकात सोय आहे.
निळा निवडायचा, एक कळ दाबायची.
करून पाहिलं.
बगळा पांढरा झाला, छापखान्यातून आत्ताच आल्यासारखा,
कुणाचाच नसलेला.
केलेलं मागं घेतलं, निळाच पाठवला.

पावणेअकराला सावद्याहून फोन.
हेमलता नेहते. कधी बोललो नव्हतो.
"आमचा बगळा लाल होता."
मी गप्प.
"तेच पुस्तक. तेच पान. माझ्या भावानं रंगवला होता,
आईच्या अळत्यानं. मार खाल्ला.
चोच त्यानंही सोडली होती."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एवढ्या रात्री.
"तुमचा कुणी रंगवला?"
म्हटलं, नाव खोडलंय. तिसरी, तुकडी ब, एवढंच वाचता येतं.
"लाल जास्त शोभत होता," त्या म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळानं,
"पण असू द्या निळा."
भाऊ कुठं असतात, हे विचारायचं राहिलं.
की विचारलं नाही.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक, घाईत, टोपी काखेत.
त्याच्या सातबाऱ्याच्या प्रतीवर
गट नंबराशेजारी बारीक ठिपके उमटले.
"हाई काय शे?"
काच पाहिली. पेन्सिलीची भुकटी, चिमूटभरसुद्धा नाही.
बगळा, म्हणणार होतो.
फडकं फिरवलं, दुसरी प्रत काढून दिली,
दोन रुपये घेतले.
पहिली खणात ठेवली.